रेडिएटरमधलं तीर्थ

गाडीच्या बॉनेटमधून दूध करपल्याचा वास येऊ लागला, तो सगळ्यात आधी माझ्या नाकाला कळला. चुलीपुढं आणि गॅसपुढं जन्म काढलेल्या बाईला तो वास झोपेतही कळतो. बासुंदी आटवताना हात थांबला आणि बुडाला लागली की येतो ना, अगदी तसा. मी ह्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी लागलंय." हे म्हणाले, "गाडी आहे ती, पातेलं नाही." आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून अशी पांढरी वाफ उसळली की समोरचा रस्ताच दिसेना. झहीराबाद मागं टाकून आम्ही वीसेक किलोमीटर आलो होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते, वैशाखातलं ऊन डोक्यावर होतं. मागच्या सीटवर आमची वृंदा मांडीवर फाइल घेऊन बसली होती, आणि दुपारी अडीच वाजता हैदराबादेत, हिमायतनगरच्या एका ऑफिसात, तिची मुलाखत होती.

खरं तर त्या दिवशी त्या रस्त्यावर आम्ही असायलाच नको होतं. होतो ते निव्वळ माझ्या हट्टापायी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. हैदराबादेत रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती, आणि आमच्या अंबरपेठेच्या गल्लीत प्रत्येक घरातलं एक तरी लेकरू कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं. वृंदा बीएस्सी झाली होती, क्लासही केला होता, आणि एका कंपनीच्या दोन चाळण्यांतून पार पडून शेवटच्या फेरीला पोचली होती. घरात मात्र गुलबर्ग्याचं एक स्थळ दोन महिन्यांपासून दारात उभं होतं. माझ्या मोठ्या दिरांनी पुण्याहून फोनवर निर्णय दिला होता, आषाढाआधी नोकरी लागली तर ठीक, नाहीतर लग्न उरकून टाका. त्याला मीही मान डोलावली होती, हे लपवून काय उपयोग. वृंदानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "मग ही एक मुलाखत मला नीट देऊ दे, आई."

नीट देऊ दे म्हणजे घरी बसून अभ्यास करू दे, हे मला काय कळलं नव्हतं? पण पत्र आलं बुधवारी, मुलाखत शनिवारी, आणि मध्ये नेमका देवीचा शुक्रवार. मी जाहीर केलं, तुळजापूरला जायचं. वृंदानं स्वतः देवीची ओटी भरायची, स्वतः तोंडानं मागायचं. आमच्या घराण्यात कुठलंही मोठं काम कुलस्वामिनीच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे, स्वभावानं गरीब माणूस. ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी जाऊ की, पेढे घेऊनच जाऊ." मी म्हटलं, "नंतर सांगायचं ते शेजारणीलाही सांगतात. देवीला आधी सांगावं लागतं." झालं. दिरांनी पुण्याला जाताना आमच्या गळ्यात घातलेली जुनी पांढरी गाडी ह्यांनी बाहेर काढली. शुक्रवारी संध्याकाळी दर्शन झालं, अभिषेक झाला, ओटी भरली. शनिवारी झुंजुमुंजू होताच आम्ही परत निघालो. दुपारी बाराच्या आत घरी, असा माझा हिशेब होता.

त्या अभिषेकाचं तीर्थ मी तांब्याच्या मोठ्या गडूत भरून घेतलं होतं. वर केळीचं पान बांधून सगळा रस्ता पायांत सांभाळत आणलं होतं. दूध, दही, मध, हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं त्यात. वैशाखाच्या उकाड्यानं रात्रभरात ते थोडं फाटलंही होतं, पण तीर्थ ते तीर्थ. झहीराबादला आम्ही चहाला थांबलो. इंजिन जरा निवल्यावर ह्यांनी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरला पाजायला पाण्याचा डबा मागितला. डबा रिकामा. वाटेत उमरग्याला मीच सगळ्यांना हातपाय धुवायला लावून तो संपवला होता. हातपंप रस्त्यापलीकडं होता आणि त्याच्यापाशी घागरींची ही भली रांग. मला घाई झाली होती. मी गडूवरचं पान सोडलं. हे म्हणाले, "अगं, त्यात दूध आहे." वृंदा खिडकीतून म्हणाली, "आई, नको ना." मी म्हटलं, "देवीचं तीर्थ पोटात गेलं की माणूस सुखरूप घरी पोचतो, गाडी का नाही पोचणार?" आणि अख्खा गडू माझ्या ह्या हातांनी त्या रेडिएटरमध्ये उपडा केला. वर नमस्कारही केला. तेव्हा मला स्वतःच्या भक्तीचं केवढं कौतुक वाटलं होतं म्हणून सांगू.

आता ते सगळं तीर्थ वाफ होऊन आमच्या तोंडावर येत होतं. हे खाली उतरले, लांबूनच बॉनेटकडं पाहत राहिले. चित्र काढणारा माणूस, त्यांना गाडी चालवता येत होती एवढंच. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन लॉऱ्यांना हात करू लागले. एक थांबेल तर शपथ. बसगाड्या आल्या दोन, पण लग्नसराई होती, दारात माणसं लोंबकळत होती, ड्रायव्हरनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पावणेअकरा झाले. वृंदा गाडीतून उतरून बाभळीच्या चिमूटभर सावलीत उभी राहिली होती. ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. फाइल उघडून तोंडातल्या तोंडात उत्तरं म्हणत होती, आणि एकाच पानावर पुन्हा पुन्हा येत होती. तिच्या अंगावर तो आकाशी सलवार कमीज होता, मुलाखतीसाठी म्हणून सकाळीच घातलेला, कारण घरी जाऊन बदलायला वेळ मिळेल न मिळेल असं ती म्हणाली होती. तिनं माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता. ह्या पोरीचं आयुष्य मी एका गडूनं बुडवलं, हे मला तिथं स्पष्ट दिसलं.

मी प्रार्थना केली असं लिहायला पाहिजे, पण मी प्रार्थना केली नाही. मी भांडले. भर रस्त्यात, तुळजापूर जिकडं राहिलं तिकडं तोंड करून, मनातल्या मनात कडकडा भांडले. तुझ्याच दारातून येतोय ना आम्ही? तुझंच तीर्थ ना हे? माझी चूक असेल तर मला शिक्षा कर, पोरीला का? आता तूच ये आणि काय करायचं ते कर, माझ्यानं काही होत नाही. हे शेवटचं वाक्य मी नुसतं रागानं म्हटलं होतं. त्यात शरणागती वगैरे काही नव्हती.

तेवढ्यात मागून एक गाडी भरधाव आली आणि आमच्या पुढं निघून गेली. ती जाता जाता धडाम असा आवाज झाला. तिच्या टपावरून एक भला मोठा ढोल सुटून रस्त्यावर पडला, दोन टप्पे खाल्ले आणि गडगडत, गडगडत उतारानं मागं आमच्याकडं आला. आमच्या गाडीच्या चाकाला टेकला आणि थांबला. मी त्या ढोलाकडं बघतच राहिले. अंगावर सरसरून काटा आला. पुढं ती गाडी कचकन थांबली. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या, असे दहाबारा जण भराभर खाली उतरले. लग्नाचं बँडपथक होतं. पहाटेच्या मुहूर्ताला हुमनाबादकडं वाजवून ते शहरात परतत होते, आणि चार वाजता त्यांना सिकंदराबादेत दुसरी वरात धरायची होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की इतका वेळ कोणी थांबत नव्हतं, ते आता एकदम दहाबारा जण आमच्याकडं धावत येतायत.

त्यांच्यात एक साठीचे गृहस्थ होते, पांढरी दाढी, हातात क्लॅरिनेटची पेटी. सगळे त्यांना उस्ताद म्हणत होते. त्यांनी ढोल उचलायला सांगितला आणि ढोलाकडं न बघता वृंदाकडं बघितलं. मग आमच्या गाडीकडं, मग माझ्याकडं. "क्या हुआ, अम्मा?" एवढंच विचारलं. मला वाटलं होतं मी नीट सांगेन, पण मला रडूच कोसळलं. मुलाखत, अडीच वाजता, हिमायतनगर, माझीच चूक, असं काहीबाही मी मराठीत आणि मोडक्या हिंदीत मिसळून सांगितलं. ते खाली वाकले, बॉनेटखालून ठिबकणारं बोटावर घेतलं, हुंगलं. "ये पानी नै है, अम्मा. दूध है." मग पाकळीचा तुकडा त्यांना दिसला असावा. ते हसले नाहीत. मागचे दोघे हसायला लागले, त्यांच्याकडं त्यांनी नुसतं वळून पाहिलं आणि ते गप्प झाले.

"दो घंटे का काम है," ते म्हणाले. "बच्ची को दो घंटे नै हैं. इसकू हमारी गाडी में भेज देओ." त्यांनी गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. आत ढोल, ताशे, दिव्यांच्या माळा, त्यांत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी. तळहात ठेवायला जागा नव्हती. पुढं ड्रायव्हरजवळ दोन जागा. एकीवर पाय अधू असलेले म्हातारे तुतारीवाले, आणि दुसरी उस्तादांची. म्हणजे जागा एकच, आणि ती उस्ताद उतरले तरच.

वीसएक वर्षांची आमची पोरगी, आजवर एकटी सिकंदराबादलाही न गेलेली, आणि तिला मी ह्या अनोळखी गड्यांच्या गाडीत बसवायची? जीव नुसता टांगणीला लागला होता. ह्यांना मी डोळ्यांनी खुणावलं, गाडीचा नंबर लिहून घ्या. ते मला वाटतं कुणाला दिसलं नसेल, पण उस्तादांना दिसलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी स्वतःच ह्यांना नंबर सांगितला, दोनदा, सावकाश, ह्यांचं लिहून होईपर्यंत. मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "अम्मा, आपकी बच्ची मेरे बच्चों के साथ जा रही. मैं यहींच आपके पास हूँ. जब तलक आप बच्ची कू अपनी आँख से नै देखते, मैं आपके पास से हिलता नै." म्हणजे ते स्वतः जामीन राहत होते. त्यांच्याशिवाय वरात कशी वाजणार, असं कोणीतरी पथकातलं कुजबुजलं. ते म्हणाले, "दूल्हा घोड़े पे थोड़ा और बैठ लेगा, क्या होता?"

वृंदानं माझ्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "जाऊ दे तिला." ह्यांनी उभ्या आयुष्यात मला न विचारता घेतलेला तो पहिला निर्णय असेल. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, तिला गाडीत चढवलं, दार लावलं. ढोलवाला नर्सिंग म्हणून एक उंच, काळासावळा माणूस होता. तो टपावर ढोल आवळत होता. माझं तोंड बघून वरूनच तेलुगूत म्हणाला, "भयपडोद्दु, अम्मा," म्हणजे भिऊ नका. आणि सव्वाअकराच्या सुमाराला ती लाल, सोनेरी गाडी माझ्या लेकीला घेऊन उन्हात दिसेनाशी झाली.

मग उस्तादांनी झालरीचा कोट काढून बाभळीच्या फांदीला अडकवला, बाह्या दुमडल्या आणि कामाला लागले. ड्रायव्हर ठेवण्याआधी पथकाची गाडी कित्येक वर्षं त्यांनीच हाकली होती. म्हणाले, सूर मला नंतर आले, रेडिएटर आधी. शेजारच्या उसात विहीर होती, पण तिच्यावरच्या पंपाला करंट नव्हता. आम्ही दोघांनी बादलीनं पाणी काढायचं आणि त्यांनी ओतायचं, असं सुरू झालं. ओतलेलं पाणी वरच राहायचं. खाली उतरेचना. आतल्या नळ्यांत अक्षता फुगून बसल्या होत्या, दह्याच्या गुठळ्या, पाकळ्या, सगळा गोळा. त्यांनी तारेनं खरवडलं, नळी काढून झटकली. काही होईना. दर दोन मिनिटांनी मी रस्त्याकडं बघायची, जणू ती गाडी तिथंच कुठं दिसणार होती. कुठपर्यंत पोचली असेल? सदाशिवपेठ आली असेल का? त्या गाडीलाच काही झालं तर? मी उस्तादांना एकेकाचं विचारत होते, ड्रायव्हर कसा आहे, दारू पितो का, नर्सिंगला मुलं आहेत का. एखादा वैतागला असता. ते हात काळे करत शांतपणे सगळी उत्तरं देत होते. नर्सिंगला तीन मुली आहेत म्हणाले, आणि माझा जीव जरा भांड्यात पडला.

शेवटी त्यांनी रेडिएटरची खालची नळी सोडवून हातात धरली. म्हणाले, आता हवेनंच निघेल, हवा भरायचा पंप जवळ नाही, तर तोंडानं फुंकतो. क्लॅरिनेटवाल्याचा दम आहे, निघेल. आणि नळी ओठांपाशी नेऊन ते थांबले. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "अम्मा, देवी का तीरथ है ना ये. मैं मुँह लगाऊँ तो चलता?"

ह्या जागी मला खरं लिहिलंच पाहिजे. आमच्याकडं सोवळंओवळं फार. माझ्या देवघराला मोलकरणीचा पदर लागला तरी मी पुन्हा पुसून घ्यायची. तो प्रश्न ऐकून क्षणभर, अगदी क्षणभर, माझ्या मनात चटकन काहीतरी आडवं आलं. आणि त्याच क्षणी मला दिसलं की जे तीर्थ मी घाईत, तोऱ्यात, मशिनीत ओतून नासवलं, त्याची अदब हा माणूस राखतोय. भर उन्हात, लग्नाचं वाजवणं सोडून, माझ्या चुकीत कोपरापर्यंत हात घालून उभा आहे, आणि तरी मला विचारतोय, चालेल का. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "उस्ताद, तीर्थ तोंडातच घेतात." ते बिस्मिल्ला म्हणाले आणि त्यांनी फुंकर घातली.

काय ती फुंकर. गाल फुगले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले. एक वेळ, दोन वेळ, तीन वेळ. चौथ्या फुंकरीला आत गुडगुड झालं आणि वरच्या तोंडातून पिवळ्या पाकळ्या, अक्षता, कुंकवाचं लाल पाणी भसाभस उसळून बाहेर आलं. ह्यांच्या चष्म्यावर, माझ्या पदरावर, उस्तादांच्या पांढऱ्या दाढीवर. आम्ही तिघंही हसायला लागलो. मी तर रडता रडता हसत होते. हे चष्मा पुसायचं विसरून तसेच उभे होते. मग उस्तादांनी एक काम केलं. पाणी ओतायच्या आधी त्यांनी खाली सांडलेल्या पाकळ्या आणि अक्षता वेचल्या, आपल्या रुमालात घेतल्या आणि उसाच्या बांधावर, कुणाचा पाय पडणार नाही अशा ठिकाणी, नेऊन ठेवल्या. मला त्यांनी ते करायला सांगितलं नाही, आणि मीही आपणहून पुढं झाले नाही. मला सुचलंच नाही.

पाऊण वाजता गाडी सुरू झाली. हे शेजारी बसले आणि उस्ताद चालवायला. तो रस्ता मला आठवत नाही, फक्त त्यांचे काळे झालेले हात आणि स्टिअरिंग आठवतं. पाटणचेरू, कुकटपल्ली, मग शहरातली गर्दी. माझ्या मनात एकच गोष्ट नाचत होती, अडीच वाजून गेले, ती पोचली का? अडीचचे तीन झाले. उस्ताद मध्येच एकदा म्हणाले, "मेरे बच्चे बोले तो करते, अम्मा." आणि मी हौ म्हटलं, पण मला काही धीर आला नाही. गाडीत बसलेला जामीन बघून आईच्या काळजाचं थोडंच भागतं.

सव्वातीन वाजून गेले होते तेव्हा आम्ही हिमायतनगरच्या त्या गल्लीत वळलो. आणि मला आधी दिसला तो लाल रंग. काचेच्या दाराच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, झाडाच्या सावलीत अख्खं पथक उभं होतं. लाल कोट, सोनेरी झालर, टोप्या काखेत. चार वाजताची वरात, भूक, ऊन, सगळं बाजूला ठेवून ते तिथंच उभे होते. कोणीतरी येऊन बघेपर्यंत हलायचं नाही असं उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं, आणि ते हलले नव्हते. त्या नव्या चकचकीत ऑफिसातले लोक खिडकीतून त्यांच्याकडं बघत होते. कुणाचं लग्न आहे असं वॉचमननं त्यांना दोनदा विचारलं म्हणे. नर्सिंग धावत आला. "अंदर गई, अम्मा. दो पच्चीस कू गई. पानी पीके गई." "पाणी पिऊन गेली" ह्या शब्दांवर मी तिथंच पायरीवर बसले. मग त्यानं वर बोट दाखवलं, आणि वरच्या मजल्याच्या काचेआड आकाशी कपड्यांत कुणाशी तरी बोलत बसलेली वृंदा मला माझ्या डोळ्यांनी दिसली.

उस्तादांच्या पाया पडायला मी वाकले तर ते दोन पावलं मागं सरले. "नक्को, अम्मा. बच्ची कू दुआ देओ, बस." कोट चढवला, टोपी घातली, आणि निघाले. नाव विचारायचं राहिलं. पत्ता विचारायचा राहिला. गाडीच्या पाटीवर पथकाचं नाव होतं, पण ते उर्दूत, आणि मला उर्दू वाचता येत नाही. ह्यांना येत होतं, पण ह्यांचं लक्ष काचेच्या दाराकडं होतं. आम्ही नंतर फार शोधलं. जिथं जिथं बँडवाल्यांची दुकानं होती तिथं तिथं हे सायकल घेऊन फिरले. लिहून घेतलेला गाडीचा नंबरही दाखवला, पण कुणी ओळख दिली नाही. मी त्यातून काही सुचवत नाही. शहर मोठं आहे, पथकं पुष्कळ आहेत.

अर्ध्या तासानं वृंदा बाहेर आली ती बोलतच आली. मला बोलूच देईना. आई, तुला माहितेय का, पूर्ण रस्ता त्यांनी मला प्रश्न विचारले. नर्सिंगकाकांनी माझी फाइल घेतली, मागच्या खिडकीतून एकेक प्रश्न अडखळत वाचायचे आणि मी उत्तर दिलं की सगळे मिळून शाब्बास म्हणायचे. तुतारीवाले आजोबा म्हणाले, हळू बोल, घाईनं सूर बिघडतो. आणि आत साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, खाली तो बँड कुणाचा? मी म्हटलं, माझा. मग मी सगळं सांगितलं, तीर्थापासून. ते हसत सुटले, आई, आणि माझी भीतीच गेली. ती असं बोलत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्या सकाळची धास्ती तिच्यात कुठं उरलीच नव्हती. नवव्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. गुलबर्ग्याच्या मंडळींना ह्यांनी स्वतः फोन केला.

लोक मला विचारतात, ढोल नेमका तिथंच कसा पडला? मला माहीत नाही. दोरी सैल झाली असेल. मी एवढंच म्हणू शकते की तोवर मी देवीला कामं सांगत होते. हे कर, असं कर, इतक्या वाजता कर, आणि वर तीर्थही माझ्याच मर्जीनं कुठंही ओतत होते. त्याला मी भक्ती म्हणत होते. तुळजापूरला मी अजूनही जाते. ओटी भरते, समोर उभी राहते, आणि मला काय हवं ते सांगायचं असलं तरी बहुतेक वेळा गप्प राहते. तिनं मला वाचवलं तेव्हा माझ्या अकलेचं काहीच तिच्या उपयोगाचं नव्हतं, हे मी विसरत नाही. देवघराचं सोवळंही आता तसं राहिलं नाही. वृंदाच्या धाकट्या भावाची बायको, माझी सून, तिला वाटतं मी वयानं सैल झाले.

एक मात्र राहिलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर वृंदा माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तू मला एकटीला त्या गाडीत बसवलंस. देवीवर तुझा केवढा विश्वास आहे ग." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही बोलले नाही. तिनं ते खरं धरलं. आजही ती आपल्या मुलांना तसंच सांगते, की आजीचा देवीवर असा विश्वास होता. वृंदाला आता मराठी वाचायची सवय राहिली नाही, अक्षर अक्षर लावत वाचते, पण मी लिहिलंय म्हटल्यावर हे ती वाचेल. म्हणून इथं सांगते. त्या दिवशी माझा विश्वास नव्हता, वृंदा. माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता, एवढंच. आणि तेवढ्यावर देवीनं भागवून घेतलं.